‘दोर’ नावाचा प्रोग्रॅम

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, की हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे. क्षमाताई. तिने आयुष्यात कधी नवस बोलला नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कधी थांबली नाही. तिचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारा माणूस. मुलगीही तशीच निघाली.

अशी बाई खोटं बोलेल, असं मला तरी वाटत नाही.

तारीख होती ११ मे १९९९. मंगळवार. ठिकाण हरिपूर, सांगलीला लागून असलेलं कृष्णाकाठचं गाव.

आणि वेळ... रात्रीची नाही. भर दुपारचा एक.

तेव्हा ताई सव्वीस वर्षांची होती. साताऱ्यात शौनक सर म्हणून होते, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ताई तिथं कामाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, २६ एप्रिलला, चेर्नोबिल नावाच्या व्हायरसने जिकडेतिकडे कॉम्प्युटर उडवले होते. सकाळी मशीन चालू करावं तर पडदा काळा. लोक धास्तावले होते. आमचं मशीन एकदा तपासून द्या म्हणून दुकानात रोज फोन यायचे.

त्यातलाच एक फोन हरिपूरच्या आप्पासोंचा. हळदीचे व्यापारी. मोठी वखार. महिन्याभरापूर्वीच त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, विंडोज ९८ वाला.

“मशीन आपोआप चालतंय हो,” ते फोनवर म्हणाले. “कुणी हात लावत न्हाई, तरी आतनं टकटक टकटक चालूच. यष्टीनं माणूस पाठवा.”

शौनक सरांनी ताईला पाठवलं. पिशवीत फ्लॉपींचा डबा आणि एक वही. त्या वहीला ताई जिवापाड जपायची. विंडोजमध्ये पडद्यामागे कोणकोणते प्रोग्रॅम चालतात, त्यांची नावं तिने एकेक करून त्यात उतरवली होती. कुठला आपला, कुठला परका, ते त्या वहीवरून कळायचं. इंटरनेट वगैरे कुठलं तेव्हा!

अकराच्या सुमारास ती वखारीत पोचली.

लांबलचक पत्र्याची शेड. पोत्यांच्या थप्प्या. हवेत हळदीची धूळ, श्वास घेतला तरी जीभ कडू व्हायची. शेडच्या पार टोकाला ॲल्युमिनियम आणि काचेची एक छोटी केबिन. धूळ आत जाऊ नये म्हणून दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी ठोकलेली. आत एसी आणि कॉम्प्युटर.

खिडकी एकही नाही.

केबिनच्या बाहेर, दहा पावलांवर, एक म्हातारा पोती शिवत बसला होता. नाथाजी. वखारीचा राखणदार. ताई आत जाताना त्याने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं...

आणि परत सुईकडे बघायला लागला.

ताईने मशीन चालू केलं. खुर्चीत टेकली. माउसला हात लावला नाही. नुसती ऐकत राहिली.

टक्... टक्... टक्...

मग शांत.

टक्... टक्... टक्...

पुन्हा शांत.

हार्ड डिस्कचा आवाज. पण डिस्क वाजते तेव्हा कशीही वाजते, खरखरते. ही मोजून वाजत होती. तीनदा. मग थांबा. परत तीनदा.

ताईने कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबली. त्यावेळी काय काय चालू आहे त्याची यादी यायची. यादी आली. पहिली दोन नावं वहीतली, ओळखीची. तिसरं नाव...

Dor.

तिने वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. हे नाव कुठेच नव्हतं.

“आपल्याकडं कुणी काही गेमबिम टाकलाय का?” तिने आप्पासोंना विचारलं.

“छे हो. या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला.”

तिने तिथूनच साताऱ्याला फोन लावला. सर म्हणाले, “डी, ओ, आर? ऐकलं नाही कधी. डोअर लिहायला गेला असेल कोणी. चोरवाटेनं मशीनमध्ये शिरणारे प्रोग्रॅम आलेत सध्या. मार त्याला.”

ताईला ते पटलं नाही. चोरवाट असायला फोनची वायर तरी मशीनला लागते. या मशीनला मोडेमच नव्हता. मग हा बोलणार कोणाशी?

तिने तपासायला सुरुवात केली. सगळ्या डिस्कवर त्या नावाची फाईल शोधली. नाही. मशीन सुरू होताना कोणते प्रोग्रॅम आपोआप उठतात ती यादी बघितली. त्यात नाही. मशीन बंद करून स्वतःच्या स्वच्छ फ्लॉपीवरून चालू केलं, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम पूर्ण डिस्कवरून फिरवला. पाऊण तास लागला.

एकही व्हायरस नाही.

म्हणजे जो चालू होता, तो डिस्कवर कुठेच नव्हता.

“मग? आपला का परका?” आप्पासोंनी विचारलं.

“अजून कळत नाही.”

“मी जेवून येतो तवर. तुमचा डबा हाय न्हवं?” असं म्हणून ते गेले. पावणेएक वाजला होता.

ताईने विंडोज परत सुरू केलं. यादी उघडली. Dor होताच. तिने माउसचा बाण त्यावर नेला आणि ‘एंड टास्क’ दाबलं.

नाव गेलं. टकटक थांबली.

त्याच क्षणी तिच्या कानाला दडे बसले. खंबाटकी घाट उतरताना बसतात तसे. तिने आवंढा गिळला. मिनिटभरात... टक्, टक्, टक्... आणि यादीत नाव हजर. कान मोकळे.

तिने पुन्हा बंद केलं.

ह्या खेपेला तिची नजर काचेतून बाहेर गेली. नाथाजीच्या हातातली सुई खाली पडली होती. तो उभा राहिला होता. केबिनकडे नाही, खाली जमिनीकडे बघत होता.

पुन्हा टक्, टक्, टक्. नाथाजी खाली बसला.

दुसरा कोणी असता तर इथंच थांबला असता. पण ताई सुभेदाराची मुलगी. नाव आलं की बंद कर, आलं की बंद कर. ती मोजत होती. पाच. सहा. प्रत्येक वेळी ते यायला जास्त वेळ लागत होता. टकटक हळू होत चालली होती. थकल्यासारखी. आठ. नऊ.

दहाव्यांदा तिने बटण दाबलं...

आणि ते परत आलं नाही.

एक मिनिट गेलं. दोन. पाच. “मेला एकदाचा,” ती स्वतःशी म्हणाली. वहीत नोंद करायला पेन उचललं.

तेवढ्यात लाइट गेली.

एसी बंद पडला. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालू राहिला. मे महिना, काचेची बंद खोली. ताई उठली आणि दाराची मूठ ओढली.

दार उघडलं नाही.

रबर घट्ट बसलं असेल, म्हणून तिने पाय टेकवून जोर लावला. दार हललंसुद्धा नाही. बाहेर दहा पावलांवर नाथाजी पाठमोरा, जमिनीला कान लावून ओणवा. तिने काचेवर थाप मारली. “ओ काका! दार उघडा जरा!”

तो वळला नाही.

तिने दोन्ही मुठींनी काच बडवली. आणि मग तिच्या लक्षात आलं...

आवाजच येत नव्हता.

मुठीला लागत होतं. काच थरथरत होती. पण कानाला काही ऐकू येत नव्हतं. स्वतःचं ओरडणंही तिला घशात कळत होतं, कानात नाही. तिने स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. स्टूलचा पाय वाकला. काचेवर ओरखडाही नाही. आवाजही नाही.

आणि श्वास पुरेना.

ती छाती भरून हवा ओढायची, पण त्यात हवाच नव्हती. नुसता ओल्या हळदीचा वास. जुन्या, बंद, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या हळदीचा. डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. खोली तीच होती, पण तिला वाटत होतं की भिंती वर वर चालल्यात आणि आपण खोल तळाशी बसलोय. कुठेतरी फार उंचावर एक पांढरा गोल आहे. उजेडाचा. पोचता न येणारा.

ती सांगते, तेव्हा तिला ना आई आठवली, ना देव. एकच गोष्ट डोक्यात येत होती, आणि ती तिची स्वतःची नव्हती.

वर कोणीतरी आहे. त्याला कळलं पाहिजे. वर कोणीतरी आहे.

जमिनीवर सरपटत ती मशीनपाशी आली. का आली, ते तिला आजही सांगता येत नाही. हाताला लागलं ते बटण दाबलं. रीसेटचं.

पडदा काळा झाला. मग निळं आकाश, ढग, विंडोजचं चित्र. ती जमिनीवर गाल टेकवून पडली होती. श्वास अगदी दोऱ्याएवढा उरला होता.

टक्...

टक्...

टक्...

दार उघडलं.

दारात नाथाजी उभा होता. त्याने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, पोत्यावर बसवलं, माठातलं पाणी तोंडावर मारलं. पत्र्यावर कावळ्यांचे पाय वाजत होते. तो आवाज ऐकून ताईला रडू आलं.

नाथाजी तिच्यासमोर उकिडवा बसला.

“तुमी त्येला सोडलं व्हय बाई?”

बंद केलं का, असं नाही विचारलं त्याने. सोडलं का, असं विचारलं.

“कोणाला?” ताई म्हणाली. “काय आहे ते? दोर म्हणजे काय?”

म्हातारा जमिनीवर हात फिरवत बोलायला लागला.

“ह्या खोलीखाली पेव हाय बाई. हळदीचं. पंचवीस फूट खोल. वरनं तोंड बारकं, आत खोलीएवढं. वर्सावर्सं हळद ऱ्हाती त्यात, कीड लागत न्हाई. कारन आत वारंच नसतंय. उघडलं की दिसभर तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील इझला न्हाई तर मानूस उतरवायचा, कमरंला दोर बांधून.”

“मग?”

“अठ्ठ्याऐंशी साली माजा थोरला भाऊ उतरला. आकाराम. दोर माज्या हातात. तीनदा हिसका दिला की वर वढायचं, आसं ठरल्यालं. आमी ल्हानपनापास्नं तेच काम करायचो. कंदील इझला न्हवता बाई. देवाशपथ इझला न्हवता.”

त्याने आपल्या तळव्यांकडे बघितलं.

“त्येनं हिसका दिला. तीनदा. मी वढाय लागलो. आर्ध्यात आला आसंल... आन मलाच चक्कर आली. खालचा वास वर आल्ता. हात सुटला. शुद्धीवर आलो तवा खालनं वरडत हुता. ‘दोर... नाथा, दोर...’ मी उतराय निघालो तर आप्पासोंनी चार मानसं घालून मला धरलं. म्हनले, तू बी मरशील. खरंच हुतं त्ये. जो उतरंल त्यो मरनार हुता. धरून ठिवला मला. आन त्यो वरडायचा थांबोस्तवर आमी समदी ऐकत उभी ऱ्हायलो.”

ताईने केबिनच्या जमिनीकडे बघितलं.

“पेव बुजवलं. पर मला जमिनीतनं ऐकू यायचं. तीनदा. आकरा वर्सं. म्हनून तर मी काम सोडून कुटं गेलो न्हाई. कुनीतरी जवळ पायजे ना. ह्ये मशीन आल्यापास्नं त्ये मशिनीत वाजतंय. आवं बाई, तेवढं बंद करू नगासा. पाया पडतो.”

अडीचला आप्पासो आले. ताईचा चेहरा बघून त्यांनी एकदा नाथाजीकडे बघितलं.

“झालं? काय निघालं? आपला का परका?”

ताईने पेन उचललं. दुकानाच्या छापील कागदावर तिने लिहिलं: ‘व्हायरस नाही. सदर प्रोग्रॅम बंद करू नये.’ खाली सही केली.

आप्पासोंनी कागद वाचला. त्यांचा चेहरा उतरला. पण बोलले ते वेगळंच. “ह्या म्हाताऱ्यानं डोकं खाल्लं वाटतं तुमचं.”

ताई साताऱ्याला परत आली. कोणाला काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ती दार लावून झोपेना. न्हाणीघराचं दारही अर्धवट उघडं ठेवायला लागली. आत्या चिडायची.

जुलैत आप्पासोंचा फोन आला. मिरजेच्या एका माणसाकडून त्यांनी सगळी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं. “मशीन झकास चाललंय बघा. टकटक न्हाई, काय न्हाई. फकस्त नाथाजी काम सोडून गेला. ज्या दिवशी पुसलं, त्याच दिवशी. जाताना तुमची आठवण काढत होता.”

ताईला चैन पडेना. पुढच्या रविवारी तिने एसटी धरली. नाथाजीचं गाव कडेगावच्या पुढे, दोन्ही बाजूंनी उसाचे फड. फाट्यावर उतरून ती चालत गेली. दुपार होती. स्वच्छ ऊन पडलेलं.

घरात त्याची बायको होती, पारूबाई. तिने ताईचं नाव ऐकलं आणि काही न विचारता तिला परसात नेलं.

नाथाजी बाजेवर बसला होता. दोन महिन्यांत निम्मा झालेला. उजव्या मनगटाला दोर गुंडाळलेला, जाड, काथ्याचा. दोराचं दुसरं टोक दहा-बारा हात लांब, परसातल्या सपाट जमिनीवर पडलं होतं.

कशालाही बांधलेलं नव्हतं. त्याच्या शेजारी एक कोंबडी दाणे टिपत होती.

“असंच बसत्यात,” पारूबाई हळूच म्हणाली. “रातंदिस. जेवताना मी धरायचा. मला काय सुदीक लागत न्हाई हाताला. पर खाली ठिवला की वरडत्यात.” वैरण आणायची होती म्हणून ती फडाकडे गेली.

ताई बाजेजवळ बसली. नाथाजी तिच्याकडे बघून हसला. खरोखर हसला.

“आता मशिनीत न्हाई बाई. आता हातातच हाय.”

मग तो संकोचून म्हणाला, “बाई, एवढं धरता का जरा? परसाकडं जाऊन येतो. पारू यायला येळ लागंल.”

नाही कसं म्हणणार?

ताईने दोर हातात घेतला. म्हातारा काठी टेकत उसाकडे गेला. दोर हलका होता. सुतळीसारखा. लांबवर ते सुटं टोक उन्हात पडलेलं. ताईला स्वतःचीच कीव आली. बिचारा म्हातारा, भ्रमिष्ट झालाय, असं तिच्या मनात आलं.

तेव्हा पहिला हिसका बसला.

टोक हललं नव्हतं. कोंबडीही उडाली नाही. पण तळव्याला हिसका बसला होता.

दुसरा...

तिसरा...

आणि दोरावर वजन आलं. अख्ख्या माणसाचं वजन.

नाथाजी परत आला तेव्हा दोर जमिनीवर पडला होता. ताई चार पावलं लांब उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून. तिच्या तळव्यांची साल निघाली होती. म्हाताऱ्याने दोराकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. वाकून दोर उचलला, मनगटाला गुंडाळला आणि बाजेवर बसून वाट बघायला लागला.

एक मिनिट गेलं. दोन. पाच.

“जावा तुमी,” तो शेवटी म्हणाला. “गाडी चुकंल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ताई पळाली. फाट्यापर्यंत पळत आली.

श्रावणात नाथाजी गेला, असं कडेगावकडच्या कोणाकडून तरी तिला कळलं. ती मयताला गेली नाही.

ही गोष्ट तिने मला पंचवीस वर्षांनी सांगितली. तिच्या सातारच्या घरात, सगळी दारं उघडी टाकून. मी तिला म्हणालो, “ताई, घाबरलीस, सोडलास. कोणीही सोडला असता. एवढं वजन बाईमाणसाला पेलतं का?”

तिने मान हलवली.

“वजनामुळं नाही सोडला रे,” ती म्हणाली. “मी ओढायला लागले होते. हातावर हात घेत चांगला वीस-बावीस फूट दोर ओढला मी. जमिनीवर दहा-बारा हात दोर, आणि माझ्या पायाशी त्याची ही एवढी वेटोळी...”

“मग?”

“मग वरच्या काठाला त्याची बोटं टेकल्यासारखं झालं, आणि वजन कमी झालं.”

तिने आपले तळवे उघडून बघितले.

“तो वर आला होता. म्हणून सोडला.”